तिसऱ्या दिवशीचा भात

पाटणच्या गाडीची वाट बघत विजयमालाबाई कराडच्या स्टँडवर बसल्या होत्या. शेजारी एक म्हातारा आणि रजेवर आलेला जवान बोलत होते.

"गुंडा, तार आली. पर माझा मोहिद्दीन बुडाला कसा, ते कुणी सांगंना. तू तर बोटीवर हुतास."

"व्हय चाचा. पलटणीची शिडाची बोट, आमी चौघंच. मुंबई सुटली आन् दोन दिस समदी बोट लागून ओकत पडलेलो. पाणीसुदीक पोटात ठरंना."

"मोहिद्दीनबी?"

"त्यो तर लयच. तिसऱ्या दिशी दुपारी वारा वाढला. शीड उतरवाय त्यो फुडं गेला, आन् लाटंनं नेला त्याला."

"हुडकलंसा?"

"अंधार पडस्तवर तिथंच फिरत हुतो चाचा. गावला न्हाई."

विजयमालाबाईंना उठून जावंसं वाटलं, पण त्यांच्यानं उठवेना.

"त्याची आई रहिमतबी रोज इचारती, पोरगं उपाशी गेलं का म्हणून."

"न्हाई चाचा. त्या सकाळी त्यानंच भात शिजवला. पैल्यांदाच पोटात ठरला. दोनदा वाढून घेतला त्यानं."

पाटणची गाडी लागली, तसा म्हातारा उठला.

"चल घरी. रहिमतबीला तेवढं भाताचं सांग. लाटंचं मी सांगीन कवातरी."