खालचं पाणी

कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या शिंपीणबाईंनी मासिक उघडलं खरं, पण लक्ष सगळं शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे. दोघांची तपासणी झाली होती, रिपोर्ट यायचा होता.

“पोरीला वाटतं, आपण बहिरे झालो.”

“दिवसदिवस घरात कुणी बोललं नाही, तर वाटणारच.”

“नदी मोजायच्या नोकरीत, त्या डोंगरातल्या चौकीवर किती भांडायचो गं आपण!”

“नदीच तशी होती. वीतभर पाणी, पण प्रत्येक दगडावर आपटायचं. ओरडल्याशिवाय ऐकूच यायचं नाही.”

“मग खाली, समुद्राजवळ बदली झाली.”

“आणि पहिल्याच दिवशी तुम्ही वेग न मोजताच वहीत ‘संथ’ लिहून मोकळे!”

“दिसत होतंच तसं. एवढं रुंद, खोल पात्र, आणि आवाज म्हणून नाही.”

“साहेबांनी पुन्हा मोजायला लावलं. मी घड्याळ धरलं, तुम्ही लाकडी ठोकळा पाण्यात सोडलात.”

“आणि काठाने त्याच्यामागे धावता धावता माझा जीव गेला! डोंगरातल्या पाण्यापेक्षा जोरात पळत होता.”

“खोल पाणी तळाला, काठाला कमी घासतं, म्हणून. साहेबच म्हणाले होते.”

“तुझ्या बरं लक्षात आहे.”

तेवढ्यात नर्स बाहेर आली. “आजीआजोबा, दोघांचेही कान ठणठणीत आहेत. मग मुलगी म्हणते तसं, घरी बोलत का नाही हो?”

आजोबा उठले आणि खिसे चाचपू लागले.

“माझ्या पिशवीत आहे,” आजी म्हणाल्या आणि पिशवीतून त्यांचा चष्मा काढून हातात दिला.