ससा ओरडला तर

सून : दांडकं इकडे द्या, आई.

सासू : हात तर लावून बघ. तुझे सासरे गेल्यापासून या घरातला एकेक ससा माझ्या हातचा आहे.

सून : मागचा ओरडला.

सासू : वळवळला. जनावर आहे, वळवळणारच.

सून : ओरडला. लहान पोरासारखा. समोरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. आजारी पडायच्या आधी तुमचा कानामागे एकच घाव बसायचा, सशाला कळायचंसुद्धा नाही. आता हात थरथरतो तुमचा.

सासू : लावू देत खिडक्या. ते पिशवीत गुंडाळून आणतात ते काय झाडाला लागतं?

सून : ते मला नका सांगू, तुमच्या लेकाला सांगा. पिंजरे विकत घेणारा माणूस आणून बसवलाय त्यांनी पुढच्या खोलीत. आज परत ओरडला की सौदा झालाच म्हणून समजा.

सासू : लाज वाटते त्याला माझी. याच सशांवर पोसला मेला.

सून : म्हणून तर म्हणते, द्या.

सासू : तू? झुरळ दिसलं की पलंगावर चढतेस.

सून : चढते. पण तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा ससा कोणी कापला?

सासू : खाटीक बोलावला असशील.

सून : मी कापला. आधी मोरीत जाऊन ओकले, मग कापला. घरी आलात त्या दिवशी तोच जेवलात तुम्ही. दुसऱ्यांदा वाढून घेतलंत.

सासू : मीठ कमी होतं.

सून : असेल. ओरडला मात्र नव्हता.

मुलगा : (दारातून) आई, उरकलं का? तो माणूस खोळंबलाय. आणि मला परत ते ऐकायचं नाही हं. विकतचं आणू म्हणतो तर ऐकत नाही तुम्ही.

सून : खायचं असेल तर सशाचे पाय धरायला या. नाहीतर आत बसा.

मुलगा : मला नाही बघवत.

सासू : बघवत नाही, आणि ताटात मागचा पाय तुलाच लागतो. जा आत.

सून : गेले एकदाचे.

सासू : हे दांडकंही गेलं की माझं काय उरलं गं इथे? चूल तू घेतलीस.

सून : गुडघे धरले तेव्हा तुम्हीच दिलीत, उगाच माझ्यावर घालू नका. पिंजरे राहिले तर सकाळी उठून सशांना पाला घालाल, शिव्या घालाल. गेले तर हे तुम्हाला खिडकीत खुर्ची टाकून देतील. आणि तुम्ही बसाल. मला नाही बघायचं ते.

सासू : जीभ फार चालते तुझी.

सून : हातही चालतो.

सासू : धर दांडकं. ससा असा लांबून नाही, अंगाशी घे. पाठ खाजव, सैल पडू दे त्याला. आणि डोळे मिटायचे नाहीत. आपण खाणार त्याला, एवढं तरी बघायचं.

सून : नाही मिटत.

सासू : कानामागे. विचार करत बसलीस की हात अडखळतो.

मुलगा : (आतून, बऱ्याच वेळाने) आई, अजून किती वेळ?

सासू : झालं कधीच. त्या माणसाला वाटेला लाव, आणि येताना परात आण.