वेळ तुझ्याच नावावर

हॅलो?… हो, मंजुषाताईच बोलून राह्यली. बोल वं अंकिता… हळू, हळू… कुठून? नाचणगावच्या जिनिंगवरून? मीटिंगच्या दाराबाहेर?…

हो… हो… तुझा प्रोग्राम हळू चालते, वजनकाट्याची पावती निघत नाई, कापसाच्या गाड्या गेटवरच… अन् मालक रूपरावजी आज तुले कामावरून काढणार. आयकलं मी… अगं, रडू नको!

ऐक ना वं. तुझ्या प्रोग्रामात खोट नाई… खरंच! सर्व्हर माझा, मले माहीत नसन? इथं नालवाडीत सर्व्हरचा डबा एकच. त्याच्यात तुझ्यासारख्या किती जणांच्या मशिनी कोंबल्या, मलेच आठवत नाई.

मशिनी खऱ्या कुठं असतात वं? एकाच डब्याचे वाटे थे… तुमच्याकडे कसं, विहीर एक अन् पाळी चौघा भावांची? तसंच. वाटणारा वर बसला, थो देईल त्याले प्रोसेसर. तू फावडं घेऊन उभी, अन् पाणी गेलं दुसऱ्याच्याच वावरात… हो, हो, तोच. स्टील टाइम. चोरीला गेलेला वेळ. वाटणाऱ्यानं थो तुझ्या मशिनीले सांगाले पाहिजे…

शून्य दिसते?… दिसनच. मीच सांगणं बंद केलं.

काऊन म्हणजे? आकडा पाहून गिऱ्हाईक बोंबलते न! बंद केलं का थो वेळ तुझ्याच प्रोग्रामच्या नावावर चढते. गेला तुझा, अन् वापरला बी तूच, असं दिसते…

लिहून? देते न! खरे आकडे माझ्या डब्यात आहेत. आत्ता मोबाईलवर पाठवते, रूपरावजीले दाखवजो… हॅलो? आवाज तुटून राह्यला. दारापाशी रेंज नाई तिथं. काट्याकडे जाय, तिथं रेंज भेटते… अगं, पुकारतीन तवा येजो पळत! रिकाम्या हातानं गेली तर कोण आयकन तुझं?

पोचली काट्यापाशी?… हो, फाइल जाऊन राह्यली. मोठी आहे न… नाई नाई, फोन ठेवू नको! पोचली का नाई, मले कसं समजन?… तंवर घरचं सांग. आईचा गुडघा कसा आहे?… अस्सं… मंग तेल लावता का नाई?…

थांब वं, दुसरा फोन येऊन राह्यला. लाईनीवरच राह्य…

हॅलो, अंकिता? रूपरावजीच होते. तुले दोनदा पुकारलं म्हणे… गाड्यांच्या आवाजात नसन आयकू आलं. तुझा फोन लागेना म्हणून मले इचारलं, पोरगी कुठं? मी काय खोटं बोलू? म्हटलं, काट्यापाशी उभी राहून फोनवर गप्पा मारून राह्यली…

पळू नको, उठले सारे. रजतले दिलं काम… हो, माझाच भाऊ. मंघापासून आतच बसला होता… त्याचा नाई चालणार हळू. त्याले अख्खा डबा मोकळा करून देते न मी.

फाइल? कोणती फाइल वं?…

ओरडू नको. गैरहजर तू राह्यली, मी नाई…

बरं, ठेव आता. लय वेळ घेतला तू माझा.