वर्गात टिक, घरी गोल

पोरगी निवडली गेली म्हणून पेढे मागताय, पण आधी हे ऐका. जळकोटच्या शाळेत पाचवीला मीच शिकवतो. निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेसाठी पोरीकडून घरी उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्सवर गोल काळे करायचा सराव लई करून घेतला. तिच्याच वर्गातली सुमन तिच्याहून हुशार. पेपर सुटल्यावर तिला विचारलं, "गोल नीट काळे केलेस ना?"

"काळे कशाला, सर? बरोबर उत्तरावर टिक केली. तुमीच शिकवलंय की वर्गात."

पेपर तपासणारं मशीन काळा गोलच वाचतं, टिक वाचत न्हाय. यादीत माझ्या पोरीचं नाव आलं. सुमननं विचारलं, "सर, माझं कुठलं उत्तर चुकलं?"

एकही न्हाय, एवढंसुद्धा मला म्हणवलं न्हाय.