पडद्यांचं भांडण

फुप्फुसांच्या दवाखान्यात पुढच्या बाकावर एक म्हातारे शिंपी आणि एक निवृत्त मास्तर नंबरची वाट बघत होते.

"तुम्हाला दम लागायला लागून किती वर्षं झाली?" मास्तरांनी विचारलं.

"सहा. तुम्हाला?"

"वर्षच झालं. जिना चढताना दम लागतो ते मी सोसतो हो, पण घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात."

"आमची हीसुद्धा तशीच झाली होती. चाळीस वर्षं भांडलेली बाई, पण काहीही म्हटलं की, 'बरं, तुम्ही म्हणाल तसं.' मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही."

"मग?"

"तिनं शिवलेल्या पडद्यांना मुद्दाम नावं ठेवायला लागलो. इथे झोळ आहे, तिथे टाका मोठा आहे. चौथ्या दिवशी भडकली."

"आणि तुम्ही?"

"दोन वाक्यं बोललो आणि धाप लागली. खुर्चीतच बसलो."

"घाबरल्या असतील."

"पाणी दिलं. पाठीवर हात ठेवून उभी राहिली."

"म्हणजे भांडण मिटलं."

"छे. धाप ओसरल्यावर म्हणाली, 'हं, टाक्यांचं काय म्हणत होतात? तुमचं पुरं करा, मग माझं ऐका.'"