बाटलीवरचं ‘को’

केरबा : संपला कसा ताई? परवाच पावणं आमचं कोकरू घिऊन गेलं की!

दीक्षा : केरबामामा, हळू बोला, पलीकडं माझे सर आहेत. अर्ध्या तासात प्रबंधाचं सादरीकरण आहे. कोण पावणं?

केरबा : त्योच की. ज्येच्यापायी तू वरीसभर जतच्या माळावर उनात हिंडलीस.

दीक्षा : लांडगा?

केरबा : ए, नाव घिऊ नगंस! आमच्यात न्हाय घेत. घेतलं की येतोय. तू लिवलंस म्हणं, माळावर त्यो उरलाच न्हाय. काल कंपनीची माणसं तुझाच कागद दावून कुंपनाच्या खुणा मारून गेली. माळ रिकामा हाय म्हणत्यात. मग मेंढरं काय रंकाळ्यावर चारू?

दीक्षा : मी मनानं नाही लिहिलं. मला स्वतःला एकही दिसला नाही. आणि तुम्ही चैत्रात गोळा केलेल्या सत्तेचाळीस बाटल्या, प्रत्येकीवर तुमच्याच अक्षरात ‘को’. सगळी विष्ठा कोल्ह्याची!

केरबा : कोल्ह्याची कशाला गोळा करीन मी? ‘को’ म्हंजे कोरडं.

दीक्षा : काय?

केरबा : तूच म्हणलीस, ओलं का कोरडं ते लिव. ओल्याला ‘ओ’, कोरड्याला ‘को’.

दीक्षा : ते खाली लिहायचं होतं मामा! वर प्राणी. त्याचा ‘लां’, कोल्ह्याचा ‘को’.

केरबा : बाटल्या मेंढरांच्या वाड्यात ठिवत हुतो. तितं त्येचं नाव लिवून ठिवू व्हय?

दीक्षा : पण एकीवरही ‘ओ’ नव्हता हो!

केरबा : चैत्रात आमच्या माळावर ओलं काय ऱ्हातंय?

(दारात उदयसिंह सर.)

सर : दीक्षा, चल, परीक्षक आलेत. हे कोण?

दीक्षा : केरबामामा, मेंढपाळ. नमुने यांनीच गोळा केलेत. सर, माझा निष्कर्ष चुकलाय. बाटल्या कोल्ह्याच्या नाहीत. मी ‘को’ वाचलं आणि डीएनए तपासलाच नाही.

सर : एकीचाही नाही?

दीक्षा : नाही.

सर : कमाल केलीस! पाच तरी तपासायच्या होत्यास. बरं, आज वाचून टाक. दुरुस्ती मागाहून करू.

दीक्षा : मागाहून म्हणजे कुंपण पडल्यावर. माझ्याच कागदावर ते पडतंय सर. मला आज उभं राहून ते वाचता येणार नाही.

सर : वर्ष जाईल. कदाचित पदवीच जाईल. मी शब्द देणार नाही.

दीक्षा : आई मंगळवार पेठेत हार आणून बसलीय सर. घराण्यातली पहिली डॉक्टर म्हणून. काय जातंय ते मला कळतंय. भीती वाटतेय. पण बाटल्या अजून फ्रीजमध्ये आहेत, त्या तपासायच्या आहेत मला.

सर : मग रीतसर करू. फेरतपासणीच्या अर्जावर गोळा करणाऱ्याचा जबाब लागतो. बोला पावणं, बाटल्यांत कुठल्या प्राण्याची विष्ठा आहे?

केरबा : त्येचीच की.

सर : ‘त्येची’ असा प्राणी पुस्तकात नाही. नाव सांगा.

केरबा : ताई सांगंल.

सर : तिनं तुमच्याऐवजी एकदा ठरवलं, त्याचंच हे झालंय. तुम्हीच सांगा.

दीक्षा : राहू दे मामा. जबरदस्ती नाही.

केरबा : तू पदवी सोडाया निघालीस, अन् मी एक नाव घ्याया भिऊ व्हय? लिवा सायेब. लांडगा. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस बाटल्या लांडग्याच्या.

सर : इथं सही करा.

केरबा : करतो. ताई, तवर तुझ्या फोनवरनं घरला लाव जरा. आमच्या तानाबाईला म्हणावं, आज मेंढरं वाड्याभाईर काढू नगंस.