काकूनं घासून आणलेली शिशी

आमच्या काकूची स्वच्छता एकदा काकांच्या जिवावर उठली होती, ते सांगितलं का तुले?

शेजारच्या साहू दीदीनं काकूले झुरळं मारायचं औषध दिलं होतं, तेही शरबताच्या शिशीत. काका ऐन उन्हात सदर बाजारातून आले अन् शरबत समजून एक घोट घेऊन बसले. काकू मिठाचं पाणी घेऊन धावली, उलटी करवायले. मी ओळखीच्या डॉक्टरले फोन लावला. तो ओरडलाच, "उल्टी मत कराओ! कुछ मत पिलाओ, सीधे ले आओ। और वो शीशी भी लाना।"

मी काकांले ऑटोत घालून पुढे गेलो. काकू मागून शिशी घेऊन आली. डॉक्टरनं ती उजेडात धरली, हुंगली. आत थेंब नाही, नुसता भांड्याच्या साबणाचा वास!

"काकू, शिशी धुतली काहून?" मी विचारलं.

"मंग? चारचौघात खरकटी शिशी घेऊन येऊ?"

तिकडे काका घामानं निथळून राहिले होते, हात थरथरत होते. शेवटी साहू दीदीले फोन करून औषधाचं नाव विचारलं, तेव्हा कुठं बरोबर इलाज सुरू झाला.

काका धडधाकट घरी आले. काकू लगेच शिशी परत करायले निघाली. आता आपल्याकडे रिकामं भांडं कोणी परत देते का? तिनं त्यात लिंबाचं शरबत भरलं.

साहू दीदीनं शिशीकडे पाह्यलं, हात जोडले अन् म्हणाली, "पहले काकाजी को पिलाइए।"